कोड बरोबर, जोडणी चुकीची : खातेकोडांच्या तपासणीबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या वेळी या सदरात खातेकोडाची, म्हणजे कंपनी, ठिकाण, विभाग आणि खातं यांचे आकडे मिळून बनणाऱ्या कोडाची, रचना कशी करावी, याबद्दल लिहिलं होतं. त्यावर बडोद्यातल्या कारखान्यांतून, ट्रस्टच्या कचेऱ्यांतून आणि सीएंच्या ऑफिसांतून पत्रं आली. त्यांतली बहुतेक पुढच्या पायरीवरची आहेत: रचना झाली, मास्टर (कोडांच्या मूळ याद्या) भरले, पण सॉफ्टवेअर हवी ती एन्ट्री अडवतं आणि नको ती सोडून देतं. प्रश्न थोडक्यात देऊन उत्तरं देते. पत्रलेखकांची आणि कंपन्यांची नावं त्यांच्या विनंतीवरून गाळली आहेत.

प्रश्न : ताई, आमच्याकडे एप्रिलपासून नवं ईआरपी (हिशेब, खरेदी, साठा एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) सुरू झालं. कंपनी ०१, ठिकाण २४१ (बडोदा), विभाग ४३० (विक्री, पश्चिम) आणि खातं ५२११० (फर्नेस ऑइल). चारही कोड मास्टरमध्ये आहेत, चालू आहेत. तरी एन्ट्री करताना ‘कॉम्बिनेशन अवैध’ असा मेसेज येतो. सॉफ्टवेअरवाले म्हणतात मास्टर तपासा. मास्टर तर बरोबर आहे! (मकरपुरा जीआयडीसी)

उत्तर : चारही कोड बरोबर आहेत आणि सॉफ्टवेअरनं केलं तेही बरोबर. अडलं आहे ते विक्री विभाग आणि फर्नेस ऑइल या जोडीपाशी.

तपासणी दोन टप्प्यांत होते. आधी प्रत्येक कोड आपापल्या यादीत आहे का, चालू आहे का, हे बघितलं जातं. मग ते सगळे मिळून जी जोडणी होते तिला काही अर्थ आहे का, हे. मध्यम आकाराचा उद्योग धरा: २ कंपन्या, ५ ठिकाणं, ४० विभाग, ६०० खाती. गुणाकार केला तर २,४०,००० जोडण्या होतात. वर्षभरात खरोखर लागतात त्या काही हजार. बाकीच्या कागदावर शक्य, व्यवहारात निरर्थक: एचआर विभागाची निर्यात विक्री, कँटीनचं मुदत कर्ज, विक्री विभागाची भट्टी. दुसरा टप्पा आहे तो या ढिगासाठी.

ओरॅकल या ईआरपीमध्ये कोडाच्या प्रत्येक तुकड्याला सेगमेंट म्हणतात. असे ३० पर्यंत ठेवता येतात, पण मी ६-७ च्या वर जाऊ नका असंच सांगते. जोडणी पहिल्यांदा तयार झाली की तिला एक क्रमांक मिळतो, ती एका तक्त्यात नोंदली जाते आणि पुढे जर्नलच्या (हिशेबाच्या नोंदीच्या) ओळीवर तो क्रमांक बसतो. म्हणून चुकीची जोडणी एकदा आत शिरली की पुढच्या माणसाला ती तयारच मिळते आणि तो निःशंकपणे वापरतो.

‘अवैध’ असा मेसेज आला की मी या क्रमानं बघते. पहिली तारीख. विभागाचा कोड १ एप्रिलपासून चालू असेल आणि एन्ट्री ३१ मार्चची असेल, तर आज स्क्रीनवर कोड चालू दिसूनही त्या तारखेला तो नाही. मग खातं बेरजेचं तर नाही ना, हे बघायचं. ५२००० हे ‘इंधन एकूण’ असेल तर त्यावर पोस्टिंग होत नाही. त्यानंतर प्रश्न येतो की ही जोडणी तक्त्यात आधीपासून आहे का, आणि नसेल तर नवी बनवायची मुभा आहे का. मग क्रॉस-व्हॅलिडेशनचा नियम, म्हणजे कुठला कोड कुठल्या कोडाबरोबर चालतो हे ठरवणारा. आणि शेवटी तुमच्या लॉगिनला त्या विभागाचा अधिकार आहे का. हे शेवटचं ओळखायला सोपं आहे: तीच एन्ट्री शेजारच्या टेबलावरच्या लॉगिनमधून करून पाहा. तिथून गेली, तर दोष जोडणीचा नाही, अधिकाराचा आहे.

तुमच्या बाबतीत चौथं कारण दिसतं. आता सॉफ्टवेअरवाल्यांकडे न जाता बिल आणणाऱ्याकडे जा. तेल उतरवून घेतलं कुणी? भट्टीवर उतरलं असेल तर विभागाचा कोड चुकला. मागणीपत्रावर विक्रीच्या कुणाची तरी सही असेल आणि तिथूनच तो कोड आला असेल. विक्री डेपोच्या जनरेटरचं डिझेल असेल तर विभाग बरोबर, खातं चुकलं. दोन्हींपैकी काय खरं, हे बिल हातात असलेल्या माणसालाच ठाऊक असतं, आणि तेही त्याच दिवशी. महिन्याअखेरीला हेड ऑफिसमध्ये बसलेल्या माणसाला ते कळायला मार्ग नसतो. ही तपासणी एन्ट्रीच्या क्षणीच व्हायला हवी असा माझा आग्रह आहे, तो यासाठी.

प्रश्न : नवी जोडणी आपोआप तयार होऊ द्यावी, की आधी यादी मंजूर करून तेवढ्याच चालू द्याव्यात? आमचे ऑडिटर दुसऱ्या पद्धतीचे, प्लांटवाले पहिल्या. (गोरवा)

उत्तर : नियम चांगले लिहिलेले असतील तर आपोआप. नियम नसतील तर यादी.

आपोआप बनण्याची मुभा आणि नियम मात्र शून्य, ही सगळ्यात वाईट अवस्था. वर्षभरात तक्ता हजारो निरर्थक जोडण्यांनी भरतो. उलट, यादी बंद ठेवली आणि प्रत्येक नव्या जोडणीसाठी हेड ऑफिसला मेल करावा लागला, तर प्लांटवरची मंडळी थांबत नाहीत. जी जोडणी चालते तिच्यावर खर्च टाकून मोकळी होतात. मग सगळा किरकोळ खर्च ‘प्रशासन – संकीर्ण’वर दिसायला लागतो, आणि तपासणीच्या दृष्टीनं ते सगळं वैध असतं! ऑडिटरना हे दाखवा: संकीर्ण खात्यावरची रक्कम यादी बंद करण्याआधी किती होती आणि नंतर किती झाली.

ठिकाणं आणि विभाग मोजके असलेली छोटी कंपनी असेल तर यादीच ठेवा, त्यात काही कमीपणा नाही. मात्र नवी जोडणी मागितल्यावर ती त्याच दिवशी देणारं माणूस हवं.

प्रश्न : कन्सल्टंटनं १८० क्रॉस-व्हॅलिडेशन नियम लिहून दिले आणि काम संपवून गेले. आता एखादा नियम बदलायचा म्हटलं की दुसरं काहीतरी अडतं. किती नियम असावेत? (अलकापुरी)

उत्तर : आकड्यापेक्षा प्रत्येक नियम काय म्हणतो, हे एका वाक्यात सांगता येतं का ते पाहा. येत नसेल तर तो मोडून दोन करा.

आधी यंत्रणा समजून घेऊ. नियमात दोन प्रकारच्या ओळी असतात, इन्क्लूड आणि एक्सक्लूड. एखादी जोडणी वैध ठरायला ती इन्क्लूडच्या एखाद्या ओळीत बसावी लागते आणि एक्सक्लूडच्या कुठल्याही ओळीत बसता कामा नये. दोन्हींत आली तर एक्सक्लूड जिंकतं. शिवाय तिला सगळ्या चालू नियमांतून पार व्हावं लागतं. म्हणून जवळजवळ प्रत्येक नियमाची पहिली ओळ ‘सगळं इन्क्लूड’ अशी ठेवायची, प्रत्येक सेगमेंटमध्ये शून्यांपासून झेडपर्यंत, आणि मग नको ते वगळायचं. नवशिके इन्क्लूडमध्ये हवी तेवढीच रेंज लिहितात. तसं केलं की त्या नियमाशी ज्यांचा काही संबंध नाही अशा जोडण्याही बाहेर फेकल्या जातात. तुमचं ‘दुसरं काहीतरी अडतं’ हे बहुधा यातूनच येतं. १८० नियम उघडून आधी एवढंच तपासा की कुठल्या नियमांची पहिली ओळ सगळं इन्क्लूड करत नाही.

रेंजबद्दल आणखी एक. कोड आकड्यांत दिसले तरी त्यांची तुलना बहुधा अक्षरांसारखी, डावीकडून एकेक चिन्ह अशी होते. अशा तुलनेत ९ हा १० पेक्षा मोठा ठरतो. सगळे कोड सारख्या लांबीचे आणि पुढे शून्यं लावून ठेवले (००९, ०१०) तर हा घोळ होत नाही.

कोरी सुरुवात करायची असती तर मी दोन नियमांपासून केली असती. धरा की १ ते ३ ने सुरू होणारी खाती ताळेबंदाची आहेत आणि ४ पासून पुढची उत्पन्न-खर्चाची. पहिला नियम: ताळेबंदाच्या खात्यावर विभाग ००० च असला पाहिजे. म्हणजे १०००० ते ३९९९९ या खात्यांशी विभाग ००१ ते झेडझेडझेड एक्सक्लूड. दुसरा याच्या उलट: खर्चाच्या खात्यावर विभाग ००० चालणार नाही. देणेकरी, बँक, ठेवी यांना विभाग चिकटणं आणि खर्च विभागाविना राहणं, हे दोन्ही घोळ एवढ्यानं थांबतात. स्थिर मालमत्ता विभागवार हवी असेल तर तेवढी रेंज पहिल्या नियमातून काढायची. त्यानंतर तुमच्या धंद्याचे नियम: कच्चा माल आणि इंधन उत्पादन विभागांवरच, विक्री कमिशन विक्री विभागांवरच, आणि असे. प्रत्येक नियमात शक्यतो दोनच सेगमेंटचा संबंध जोडा. तीन आले की सहा महिन्यांनी तो नियम लिहिणाऱ्यालाही उलगडत नाही.

आणि मेसेज. नियमाबरोबर मेसेज लिहायची जागा असते आणि ती बहुतेक ठिकाणी वाया घालवलेली असते. ‘नियम क्र. ४७ चं उल्लंघन. सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा.’ हे वाचून क्लार्क काय करणार? त्याऐवजी असं लिहा: ‘फर्नेस ऑइल (५२११०) विक्री विभागांवर (४००–४९९) टाकता येत नाही. भट्टीसाठी असेल तर विभाग ३१० ते ३४० पैकी निवडा. जनरेटरचं डिझेल असेल तर खातं ५२३४० वापरा.’ मेसेजच्या लांबीला मर्यादा असते, तेव्हा शब्द मोजून लिहा, पण काय चुकलं आणि आता काय करायचं, या दोन गोष्टी त्यात आल्याच पाहिजेत. हे काम सॉफ्टवेअरवाल्यांवर सोडू नका. ते अकाउंट्सच्या माणसानं करायचं काम आहे, आणि १८० नियमांपेक्षा असे २० मेसेज जास्त उपयोगी पडतात.

प्रश्न : जुलैमध्ये नियम लावले. तरीही जुन्या चुकीच्या जोडण्यांवर एन्ट्र्या पडतच आहेत. नियम लागू झाले नाहीत का? (मांजलपूर)

उत्तर : लागू झालेत. पण ते नव्या जोडणीच्या जन्माच्या वेळी तपासले जातात. आधीच तक्त्यात बसलेल्या जोडण्यांना ते हात लावत नाहीत. त्या तुम्हाला स्वतः बंद कराव्या लागतील.

ओरॅकलमध्ये क्रॉस-व्हॅलिडेशन रूल व्हायोलेशन नावाचा अहवाल आहे. तो नियम मोडणाऱ्या जुन्या जोडण्यांची यादी देतो आणि सांगितलं तर त्या बंदही करतो. पहिल्यांदा यादीच काढा. यादीतल्या प्रत्येक ओळीवर शिल्लक आहे का, ते बघा. ताळेबंदाच्या खात्यावर असेल तर आधी बरोबर जोडणीवर वर्ग करा. मग बघा की ती जोडणी कुठे गुंतलेली आहे: दर महिन्याची आवर्ती जर्नल्स, उघड्या पर्चेस ऑर्डर, मालमत्तेच्या घसाऱ्याची खाती, पुरवठादाराच्या मास्टरमधलं ठरलेलं खातं. पर्चेस ऑर्डर उघडी असताना जोडणी बंद केली तर माल गेटवर येतो आणि त्याची पावती किंवा बिल सिस्टीममध्ये अडकतं. स्टोअरवाल्यांचा राग तुमच्यावर निघेल आणि तो रास्त असेल.

डिलीट मात्र काहीही करू नका. शेवटची तारीख घाला. कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तकं ८ आर्थिक वर्षं जपायची असतात, आणि जुन्या व्हाउचरवरचा कोड उघडल्यावर त्याचं नाव दिसलं पाहिजे.

प्रश्न : स्क्रीनवर तपासणी कडक आहे, पण पगाराची फाइल एक्सेलमधून अपलोड होते. दर महिन्याला काही ओळी सस्पेन्सला (कोड न जुळलेल्या रकमांच्या तात्पुरत्या खात्यावर) जातात आणि आम्ही त्या नंतर सावकाश सोडवतो. चालेल ना? (नंदेसरी)

उत्तर : नाही चालणार, आणि मला वाटतं तुम्हालाही ते आतून ठाऊक आहे, म्हणून विचारलंत.

सस्पेन्सला गेलेल्या ओळीची गंमत अशी की जर्नल जुळतं, महिना बंद होतो, कुणाची ओरड होत नाही. पण त्या विभागाचा पगार त्या महिन्याच्या अहवालात नसतो. पुढच्या महिन्यात दोन महिन्यांचा एकदम येतो. विभागप्रमुख दोन्ही आकडे बघून अकाउंट्सच्या अहवालावरचा विश्वास सोडून देतो आणि स्वतःची वेगळी वही ठेवायला लागतो. विश्वास गेला की तो परत मिळवायला वर्षं लागतात.

ओळी अडतात कशानं, ते आधी पाहू. बहुतेक वेळा एक्सेलनं. ठिकाणाचा कोड ०२४ असेल तर एक्सेल त्याचा २४ करतं. चारही तुकडे सलग लिहिले, ०१२४१४३०५२११०, तर पुढचं शून्य जातं आणि स्क्रीनवर १.२४१४३ई+११ असं काहीतरी दिसतं. कोड १५ आकड्यांपेक्षा लांब असेल तर त्यापुढचे आकडे चक्क शून्य होतात आणि ते परत येत नाहीत. म्हणून कोड भरण्याआधी कॉलमचं फॉरमॅट टेक्स्ट करा आणि तुकड्यांमध्ये हायफन ठेवा. जोडणी यादीत आहे का, हे तपासायला काउंटइफ वापरू नका. ते ०२१० आणि २१० यांना एकच समजतं. मॅच किंवा व्हीलुकअप, अचूक जुळणीच्या पर्यायासह, वापरा. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून कॉपी करताना शेवटी येणारी मोकळी जागा ट्रिमनं काढा.

पगाराची फाइल बनवणारा एचआरचा माणूस विभागांची जुनी यादी वापरत असतो, हे दुसरं कारण. चालू जोडण्यांची यादी दर महिन्याच्या २५ तारखेला त्याच्याकडे गेली पाहिजे. फाइल लोड करण्याआधी त्या यादीशी ताडून बघायची, आणि एक जरी ओळ जुळली नाही तरी पूर्ण फाइल परत पाठवायची. पहिले दोन महिने भांडणं होतील.

ओरॅकलच्या जर्नल इम्पोर्टमध्ये नाकारलेल्या ओळींपुढे कारणाचा कोड छापून येतो. ईएफ०४ म्हणजे जोडणी अवैध: नियम आणि सेगमेंटची मूल्यं तपासा. ईपी०१ म्हणजे तारीख उघड्या कालावधीत नाही. दोन्हींचे उपाय वेगळे, आणि दुसऱ्याचा जोडणीशी संबंध नाही. सस्पेन्स पोस्टिंगची सोय बंद ठेवली तरच ही कारणं तुमच्यापर्यंत पोहोचतात.

प्रश्न : आमची बडोदा आणि इंदूर अशी दोन जीएसटी रजिस्ट्रेशनं आहेत. मध्य प्रदेशचा एसजीएसटी (जीएसटीतला राज्याचा भाग) बडोद्याच्या खात्यावर पडला आणि रिटर्नच्या वेळी गोंधळ झाला. खातेकोडाच्या नियमानं हे थांबवता येईल का? (वाघोडिया रोड)

उत्तर : अर्धं थांबेल. कुठलं अर्धं, ते नीट समजून घ्या.

जीएसटीआयएनचे (जीएसटी नोंदणी क्रमांकाचे) पहिले दोन आकडे राज्याचे: गुजरात २४, मध्य प्रदेश २३. तुमच्या कोडात इनपुट (खरेदीवर भरलेल्या) एसजीएसटीची राज्यवार वेगळी खाती असतील तर नियम सोपा आहे: बडोदा ठिकाणाशी मध्य प्रदेशचं एसजीएसटी खातं एक्सक्लूड, इंदूर ठिकाणाशी गुजरातचं एक्सक्लूड. सीजीएसटी आणि आयजीएसटी हे केंद्राचे कर असले तरी त्यांचं क्रेडिटही (भरलेल्या कराची मिळणारी वजावट) प्रत्येक रजिस्ट्रेशनच्या लेजरमध्ये वेगळं राहतं, तेव्हा त्यांचीही खाती किंवा निदान ठिकाणं वेगळी ठेवा.

आता उरलेलं अर्धं. तुमचा बडोद्याचा इंजिनिअर इंदूरला मशीन बसवायला गेला आणि हॉटेलात राहिला. हॉटेलच्या सेवेसाठी पुरवठ्याचं ठिकाण म्हणजे हॉटेल जिथे उभं आहे ती जागा, म्हणून बिलावर सीजीएसटी आणि मध्य प्रदेशचा एसजीएसटी लागतो, ग्राहकाचा क्रमांक २४ ने सुरू होणारा दिला तरी. हे क्रेडिट बडोद्याच्या रजिस्ट्रेशनला मिळत नाही. पण तुमचा क्लार्क बिल बघतो, त्यावर कर वेगळा दाखवलेला आहे, तो ठिकाण बडोदा आणि खातं इनपुट एसजीएसटी गुजरात निवडतो. जोडणी पूर्णपणे वैध! नियमाला त्यात काहीही वावगं दिसणार नाही, कारण हॉटेल कुठल्या राज्यात आहे हे खातेकोडात कुठेच नाही.

ही चूक पकडायची जागा व्यवहाराच्या पातळीवर आहे: पुरवठादाराच्या जीएसटीआयएनचे पहिले दोन आकडे आपल्या रजिस्ट्रेशनच्या राज्यापेक्षा वेगळे असतील आणि बिलावर सीजीएसटी-एसजीएसटी असेल, तर कराची रक्कम खर्चातच धरायची. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ही अट बिलाच्या स्क्रीनवर लावता येते. शिवाय जीएसटीआर-२बी (दर महिन्याला मिळणारं क्रेडिटचं विवरण) मध्ये अशी बिलं ‘क्रेडिट उपलब्ध नाही’ या भागात येतात. पुरवठादाराचं राज्य आणि पुरवठ्याचं ठिकाण एकच, घेणाऱ्याचं राज्य वेगळं, असं कारणही दिलेलं असतं. दर महिन्याला तो भाग वाचा.

जोडणीची तपासणी अशक्य ते अडवते. शक्य पण चुकीचं असलेलं तिला दिसत नाही. त्यासाठी माणूसच लागतो.

प्रश्न : आमचा छोटा सार्वजनिक ट्रस्ट आहे, हिशेब टॅलीत. तिथे असे नियम नाहीत. काय करावं? काही देणग्या परदेशातूनही येतात. (दांडिया बाजार)

उत्तर : टॅलीत प्रत्येक लेजरला (खात्याला) कॉस्ट सेंटर (खर्च ज्या विभागाचा तो विभाग) लागू आहे की नाही, एवढं ठरवता येतं. हा लेजर याच कॉस्ट सेंटरबरोबर, असा नियमांचा तक्ता तयार मिळत नाही; टीडीएलमध्ये (टॅलीच्या प्रोग्रॅमिंग भाषेत) प्रोग्रॅम लिहून घेता येतो. तुमच्या आकाराच्या ट्रस्टनं त्यावर खर्च करावा असं मला वाटत नाही.

त्याऐवजी महिन्यातून एकदा कॉस्ट सेंटरच्या अहवालांतला लेजर ब्रेकअप काढा. एक लेजर निवडला की तो कुठल्या कुठल्या कॉस्ट सेंटरवर पडला ते दिसतं. वसतिगृहाच्या धान्यखर्चापुढे वाचनालय दिसलं की लगेच कळतं. दहा-बारा मुख्य लेजर पाहायला अर्धा तास पुरतो.

परदेशी देणगीबाबत मात्र सैल राहू नका. एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच स्वीकारता येते. तिथून पुढे खर्चासाठी दुसऱ्या बँकेतल्या खात्यात नेता येते. या पैशाचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो आणि त्यात स्थानिक देणगी मिसळता येत नाही. म्हणून परदेशी निधीची जमा आणि त्या बँक खात्याशिवाय दुसरी कुठलीही बँक, ही जोडणी तुमच्याकडे कधीही दिसता कामा नये. जमेच्या प्रत्येक पावतीवर सही करण्याआधी कोषाध्यक्षांनी हे एकच बघावं. शक्य असेल तर टॅलीत परदेशी निधीसाठी वेगळी कंपनीच उघडा, म्हणजे चुकायला जागाच राहत नाही. ट्रस्टच्या कायम निधीच्या देणग्यांनाही वेगळा लेजर द्या.

प्रश्न : सॅप या ईआरपीत जीजीबी० (नियम लिहायची स्क्रीन) मध्ये व्हॅलिडेशन लिहिलं, पण ते चालतच नाही. (सावली)

उत्तर : तीन गोष्टी पाहा. ओबी२८ या स्क्रीनमध्ये ते तुमच्या कंपनी कोडला जोडून चालू केलं आहे का? ते कुठल्या टप्प्यावर लिहिलं आहे? डॉक्युमेंट हेडरच्या टप्प्यावर खातं आणि कॉस्ट सेंटर अजून हाती आलेलीच नसतात. तुमची अट लाइन आयटमच्या टप्प्यावर हवी. आणि तिसरी, जिथे बहुतेक जण चुकतात: ‘चेक’मध्ये बरोबर काय, ते लिहायचं असतं. ती अट खोटी ठरली की मेसेज येतो. लोक तिथे चुकीची परिस्थिती लिहितात आणि मग चांगल्या एन्ट्र्या अडतात, वाईट जातात. मेसेजचा प्रकार वॉर्निंग ठेवला असेल तर एंटर दाबून माणूस पुढे जातो, तेव्हा एरर ठेवा.

प्रश्न : मी एम. एस. युनिव्हर्सिटीत बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कोडावरून जोडणी तपासायची ही कल्पना ईआरपीबरोबरच आली का? (कारेलीबाग)

उत्तर : सरकारी लेखाशीर्ष बघ, उत्तर मिळेल. तिथे सहा पातळ्यांचा १५ आकडी कोड असतो आणि पहिले चार आकडे मुख्य शीर्षाचे. शिक्षणाचंच घे: ०२०२ म्हणजे त्या क्षेत्रातली महसुली जमा, २२०२ महसुली खर्च, ४२०२ भांडवली खर्च, ६२०२ कर्जं. पहिला आकडाच व्यवहाराची जात सांगतो. शाळेची इमारत २२०२ खाली दिसली तर ट्रेझरीतला अनुभवी माणूस संगणकाशिवाय ती ओळखतो. राज्याच्या अंदाजपत्रकाचा एखादा खंड उघडून ही शीर्षं वाच. कोडाची शिस्त म्हणजे काय ते तिथे चांगलं समजतं.

प्रश्न : मार्चमध्ये वेळ नसतो. डायरेक्टर म्हणतात, वर्षअखेरीपुरते नियम बंद ठेवा, एप्रिलमध्ये परत चालू करू. मी काय सांगू? (मकरपुरा)

उत्तर : नाही म्हणून सांगा, आणि त्याबरोबर पर्यायही द्या, म्हणजे नुसता नकार राहणार नाही.

नियम बंद असताना बनलेल्या जोडण्या एप्रिलमध्ये नियम चालू केल्यावरही तक्त्यात राहतात, हे वर सांगितलंच आहे. म्हणजे पंधरा दिवसांची सवलत पुढची कित्येक वर्षं निस्तरावी लागते. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून सुरू झालेल्या आर्थिक वर्षांपासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी, बंद न करता येणारी ऑडिट ट्रेल सक्तीची आहे आणि ऑडिटरला तिच्यावर अहवालात लिहावं लागतं. मार्चमध्ये चुकीच्या जोडणीवर टाकलेली आणि एप्रिलमध्ये दुरुस्त केलेली प्रत्येक एन्ट्री तिथे दिसणार, आणि तिचं स्पष्टीकरण तुम्हालाच द्यावं लागणार.

पर्याय असा. फेब्रुवारीच्या शेवटी प्रत्येक विभागाकडून मार्चमध्ये लागतील अशा नव्या जोडण्या मागवा: तरतुदी, बोनस, नवीन मालमत्ता, शाखांमधले समायोजन. त्या १५ मार्चच्या आत तयार करून ठेवा. त्यानंतर अडलेली प्रत्येक एन्ट्री एका माणसाकडे जाऊ द्या, ज्याला खाती कळतात आणि जो फोन उचलतो. ३१ मार्चला आणि एप्रिलचा पहिला आठवडा त्याला दुसरं काम देऊ नका. खरोखरच अपवाद करावा लागला तर तेवढ्या एका जोडणीसाठी नियमातली रेंज बदला. कुणी मागितला, कुणी मंजूर केला, कधीपर्यंत चालेल, हे कागदावर घ्या आणि जोडणीला शेवटची तारीख त्याच वेळी घाला. डायरेक्टरांची सही त्या कागदावर असू द्या.